यंत्राचे नाक आणि भिंतीची ओल

भिंतीआड किंवा छतावर दडलेली बुरशी केवळ वासावरून शोधून काढणारे यंत्र, अशी वर्णने विज्ञानविषयक लेखांत आणि जाहिरातींत अधूनमधून वाचायला मिळतात. या यंत्राला ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ म्हणतात. भिंत फोडायला नको, नमुना प्रयोगशाळेत पाठवून आठवडाभर वाट पाहायला नको. खोलीत यंत्र ठेवायचे आणि ते सांगेल, इथे बुरशी आहे की नाही. कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यामागचे विज्ञान खोटे नाही. तरीही या दाव्याची नीट तपासणी व्हायला हवी असे आम्हाला वाटते. कारण प्रश्न एखाद्या उपकरणापुरता नाही. ओलसर खोलीत राहणाऱ्या किंवा शिकणाऱ्या माणसाचे म्हणणे खरे मानायचे की यंत्राचे, असा तो प्रश्न आहे.

आधी बुरशीच्या वासाविषयी थोडेसे.

कुबट वास येतो कुठून?

बुरशीला वाढायला अन्न, ऊब आणि पाणी लागते. अन्न म्हणजे लाकूड, कागद, रंगातील खळ, पडद्यावरची धूळ. ही प्रत्येक इमारतीत असते. ऊबही असते. उरते ते पाणी. भिंतीच्या पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली, की घरात आढळणाऱ्या अनेक बुरशींचे तेवढ्यावर भागते. भिंत ठिबकायलाच हवी असे नाही.

वाढताना बुरशी अनेक बाष्पनशील कार्बनी संयुगे हवेत सोडते. त्यांतले नेहमी नाव घेतले जाणारे संयुग म्हणजे १-ऑक्टेन-३-ऑल. अळिंबीला जो विशिष्ट वास असतो तो मुख्यतः याचाच. बुरशीच्या पेशीतील लिनोलेइक आम्लाचे विघटन होताना ते तयार होते. त्याच्या जोडीला ३-ऑक्टॅनोन, ३-मेथिलफ्युरान, ३-मेथिल-१-ब्युटॅनॉल अशी इतरही संयुगे असतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो गंध येतो त्यातील जिओस्मिन हे संयुग मुख्यतः स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जीवाणू बनवतात, पण काही पेनिसिलियम बुरशीही ते बनवतात. आपले नाक जिओस्मिनच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश भाग, एवढे जिओस्मिन असले तरी अनेकांना पाण्याला मातकट वास जाणवतो.

म्हणजे बुरशी दिसण्याआधी तिचा वास येऊ शकतो, हा या यंत्रामागचा पाया पक्का आहे. प्रश्न पुढचा आहे.

यंत्र काय करते?

१९६० च्या दशकात जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइड या अर्धवाहकापासून वायुसंवेदक बनवला. त्याचे कार्य विद्यार्थ्यांना सहज समजेल असे आहे. टिन ऑक्साइड काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की हवेतील ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो आणि तेथील इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. त्यामुळे विद्युतरोध वाढतो. मग ब्युटेन, अल्कोहोल यांसारखी क्षपणकारक बाष्पे आली की ती त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध कमी होतो. रोधातला हा बदल मोजायचा. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळवणारी घंटा अनेकदा याच तत्त्वावर चालते.

असा एक संवेदक अनेक वायूंना प्रतिसाद देतो. कोणता वायू आला हे तो सांगू शकत नाही. १९८२ साली इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील कृष्णा परसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी या दोषाचाच उपयोग करून घेतला. थोड्या वेगळ्या गुणधर्मांचे तीन संवेदक त्यांनी एकत्र ठेवले. प्रत्येक वासाला तिन्हींचा प्रतिसाद वेगवेगळ्या प्रमाणात मिळतो. त्या प्रमाणावरून वास ओळखायचा. प्राण्यांच्या नाकातही असेच काहीसे चालते. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहकांच्या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला आणि त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाकडे सुमारे ४०० प्रकारचे कार्यक्षम गंधग्राहक आहेत. एक ग्राहक अनेक रेणूंना आणि एक रेणू अनेक ग्राहकांना प्रतिसाद देतो. मेंदू त्यांतून आकृतिबंध ओळखतो. यंत्रात ग्राहकांच्या जागी मोजके किंवा काही डझन संवेदक आणि मेंदूच्या जागी संगणकाची आज्ञावली असते.

नावात घोटाळा

आमचा पहिला आक्षेप नावाला आहे. ‘नाक’ म्हटले की हे यंत्र वास घेते असे वाटते. ते वास घेत नाही. हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड यांना वास नाही, तरी टिन ऑक्साइडचा संवेदक त्यांना जोरदार प्रतिसाद देतो. स्वयंपाकाच्या गॅसचेच उदाहरण घ्या. त्यातील प्रोपेन आणि ब्युटेनला आपल्या नाकाच्या दृष्टीने जवळजवळ वास नसतो, म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी मर्कॅप्टन मिसळतात. आपल्याला कळते ते मर्कॅप्टन. घंटा वाजते ती ब्युटेनमुळे. दोघे एकाच गळतीची खबर देतात, पण वेगवेगळ्या साक्षीवरून.

उलट बाजूने पाहा. खोलीत जिओस्मिन इतके थोडे असते की आपल्याला मातकट वास येतो, पण संवेदकाच्या दृष्टीने तिथे काहीच नसते. तेव्हा ज्याला वास नाही ते या नाकाला ‘येते’ आणि ज्याला आहे ते ‘येत नाही’, असे घडू शकते. हे यंत्राचे वैगुण्य नव्हे. ते वेगळ्या प्रकारचे मापन आहे. पण नाव वापरणाऱ्याने हा फरक सांगितलाच पाहिजे.

गर्दीतला एक आवाज

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बुरशीने सोडलेली संयुगे राहत्या खोलीत फारच थोडी असतात. एका घनमीटर हवेत नॅनोग्रॅम ते काही मायक्रोग्रॅम. त्याच हवेत रंग, वॉर्निश, फिनेल, फोडणी, उदबत्ती, अत्तर आणि माणसांचा श्वास यांतून आलेली बाष्पे शेकडो मायक्रोग्रॅम असू शकतात. भर बाजारात कुजबुज ऐकण्यासारखे हे काम आहे. शिवाय कुजबुजणारा एकटा नाही. १-ऑक्टेन-३-ऑल गुराढोरांच्या श्वासातही असते. आफ्रिकेतील त्सेत्से माश्या त्याच्या मागावर येतात हे १९८० च्या दशकात दाखवले गेले. माणसाच्या घामातही ते सापडते. तेव्हा एखादे संयुग सापडले म्हणजे बुरशी सापडली, असे म्हणता येत नाही.

बुरशीही एकाच सुरात बोलत नाही. तीच बुरशी लाकडावर वाढताना एक मिश्रण सोडते, कागदावर वाढताना दुसरे. वाढीच्या टप्प्यानुसारही मिश्रण बदलते. वाढ थांबली, भिंत वाळली की वास जवळजवळ जातो. पण मेलेल्या बुरशीचे बीजाणू आणि तुकडे धुळीत राहतात आणि ॲलर्जी असलेल्याला त्यांचा त्रास होऊ शकतो. म्हणून ‘वास नाही’ याचा अर्थ ‘बुरशी नाही’ असा घेता येत नाही, मग नाक माणसाचे असो की यंत्राचे.

तिसरी अडचण पाण्याच्या वाफेची. टिन ऑक्साइडचा रोध आर्द्रतेनेही बदलतो. बुरशी असलेली खोली बहुधा दमट असते आणि नसलेली बहुधा कोरडी. आता समजा यंत्राने प्रयोगात दोन्ही प्रकारच्या खोल्या अचूक ओळखल्या. त्याने बुरशी ओळखली की नुसती वाफ? वाफच ओळखली असेल तर हे काम साधा आर्द्रतामापक कितीतरी कमी पैशांत करतो. म्हणून असा दावा वाचताना एक प्रश्न आवर्जून विचारावा: सारख्याच दमट, पण बुरशी नसलेल्या खोलीशी तुलना केली होती का? ती नसेल तर निष्कर्ष अपुरा आहे.

बेल्जियममधील लीज विद्यापीठाच्या मार्टिना कुस्के, अॅन-क्लोद रोमँ आणि जॅक निकोला यांनी २००५ साली या विषयावरचा एक निबंध प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉनिक नाकाला घरातील बुरशी ओळखता येईल का, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच घातला होता. जाहिरातीत हे प्रश्नचिन्ह गळून पडते.

अचूकता ९० टक्के, पण कशाची?

चौथा मुद्दा गणिताचा आहे आणि वर्गात करून पाहण्याजोगा आहे. समजा एक यंत्र ९० टक्के अचूक आहे: बुरशी असलेल्या १० खोल्यांपैकी ९ ओळखते आणि स्वच्छ १० खोल्यांपैकी ९ स्वच्छ म्हणते. एका वसाहतीत १०० खोल्या आहेत आणि त्यांपैकी १० मध्ये बुरशी आहे असे धरू. यंत्र त्या १० पैकी ९ पकडेल. उरलेल्या ९० स्वच्छ खोल्यांपैकी ९ मध्येही ते चुकून घंटा वाजवेल. म्हणजे घंटा वाजली १८ वेळा, खरी ठरली ९ वेळा. ‘९० टक्के अचूक’ यंत्राचा इशारा प्रत्यक्षात निम्म्या वेळी खोटा!

आता दुसरी वसाहत घ्या. तिथे आधी डोळ्यांनी आणि नाकाने पाहणी करून संशयास्पद १०० खोल्या निवडल्या आणि त्यांपैकी ५० मध्ये खरोखर बुरशी आहे. यंत्र ४५ पकडेल आणि ५ खोटे इशारे देईल. ५० पैकी ४५ इशारे खरे. यंत्र तेच, उपयोग मात्र कितीतरी वाढला. याचा अर्थ असा की यंत्राचा उपयोग माणसाच्या पाहणीनंतर आहे, तिच्याऐवजी नाही.

हे पटवण्यासाठी १०० चिठ्ठ्या करा, १० चिठ्ठ्यांवर तांबडा ठिपका द्या. दुसऱ्या डब्यात १ ते १० आकडे टाका. प्रत्येक चिठ्ठीसाठी एक आकडा काढा, पाहा आणि परत टाका. १ आला तर यंत्र चुकले. खरे आणि खोटे इशारे फळ्यावर वेगळे मांडा. दरवेळी आकडे थोडे बदलतील, पण खोट्या इशाऱ्यांची संख्या पाहून मुले चकित होतात.

जिथे यंत्र शोभते

एवढे बोलल्यावर यंत्राची चांगली बाजू सांगणे भाग आहे. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात धान्याच्या नमुन्यांवर असे काम झाले. धान्याचा वास घेऊन प्रत ठरवणारी माणसे तिथे होतीच. पण बुरसलेल्या धान्याचा वास रोज घेणे परीक्षकाच्या प्रकृतीला चांगले नाही; तेव्हा यंत्राला ते वर्गीकरण शिकवणे अर्थपूर्ण होते. तिथे नमुना बंद भांड्यात असतो, तापमान आणि आर्द्रता ताब्यात असते, जिन्नस एकच असतो आणि प्रश्न नेमका असतो. ग्रंथसंग्रहाची किंवा वस्तुसंग्रहालयाची बंद कपाटेही अशीच. तिथे कोणी फोडणी देत नाही, फिनेल टाकत नाही. दिवसेंदिवस हवेत होणारा बदल नोंदवत राहण्याचे काम यंत्र न कंटाळता करील.

फरक इथेच आहे. बंद, ठरावीक, शांत जागेत हे नाक उपयोगी; माणसे राहतात तिथे त्याची परीक्षा फार कठीण होते.

माणसाच्या नाकाची साक्ष

मग राहत्या घरात काय करायचे? फिनलंडमधील एस्पो शहरात १ ते ७ वर्षे वयाच्या १९८४ मुलांचा सहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला आणि निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला पालकांना घरातील ओल, दिसणारी बुरशी आणि बुरशीचा वास यांविषयी विचारले होते. ज्या घरांतून ‘बुरशीचा वास येतो’ असे उत्तर आले, तेथील मुलांना पुढे दमा होण्याचे प्रमाण सुमारे २.४ पट आढळले. या आकड्याचा विश्वासपल्ला १.०७ ते ५.६० असा रुंद आहे, म्हणून २.४ हा आकडा पक्का धरू नये. पण दिशा स्पष्ट आहे. आणि हे मापन कोणत्या उपकरणाने केले? प्रश्नावलीतल्या एका ओळीने आणि पालकांच्या नाकाने.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर इमारतींचा श्वसनाच्या तक्रारींशी व दम्याशी संबंध तीत मान्य केला आहे. पण हवेत किती बुरशी चालेल याची आकड्यातली मर्यादा दिलेली नाही, कारण ती ठरवण्याइतका पुरावा नव्हता. सांगितले ते एवढेच की ओल टिकू देऊ नका. जिथे सुरक्षित मर्यादाच ठरलेली नाही, तिथे यंत्राने दिलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा?

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१८ मध्ये शाळांच्या इमारतींसाठी एक पाहणीतक्ता काढला. त्यात पाहणी करणारा खोलीत शिरून वासाची नोंद करतो आणि छत, भिंती, खिडक्या, जमीन अशा प्रत्येक भागासाठी डाग, दिसणारी बुरशी आणि ओलावा यांना गुण देतो. नाक, डोळे, हात आणि कागद. खर्च जवळजवळ शून्य.

माणसाचे नाक निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. ते लवकर सरावते. त्याच खोलीत दिवसभर बसणाऱ्याला काही वेळाने वास जाणवत नाही. सर्दीत ते बंद पडते, वयानुसार मंदावते, आणि २०२० नंतर कोविडमुळे अनेकांनी काही काळ ते गमावले. म्हणून एकाच्या नाकावर विसंबू नये. बाहेरच्या हवेतून आत येणाऱ्या तिघाचौघांनी स्वतंत्रपणे नोंद करावी.

कोणाचे ऐकायचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. घरातील बुरशीचा दीर्घकाळ संपर्क हे त्याच्या श्वसनविकाराचे कारण असल्याचे मृत्युचौकशीत नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरले. वडिलांनी बुरशीची तक्रार २०१७ सालीच केली होती. तिच्यावर रंग मारा असे त्यांना सांगण्यात आले. ही बुरशी दडलेली नव्हती. भिंतीवर दिसत होती. तिथे शोधक यंत्राची उणीव नव्हती, ऐकणाऱ्याची होती. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा ‘अवाबचा कायदा’ २०२३ मध्ये मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून लागू होऊ लागला. सामाजिक घरांच्या मालकांनी ओल आणि बुरशीच्या गंभीर तक्रारीची पाहणी १० कामकाजी दिवसांत करावी असे बंधन त्यात आहे. हा कायदा यंत्राची सक्ती करत नाही, वेळेची करतो.

आमची खरी काळजी ही आहे. भाडेकरू म्हणतो, वास येतो. मालक यंत्र आणतो, यंत्र गप्प बसते आणि तक्रार निकालात निघते. वरील चर्चेवरून दिसेल की यंत्राच्या गप्प बसण्याला तेवढे वजन देता येत नाही. घंटा वाजली तर अधिक शोध घ्यावा. वाजली नाही म्हणून शोध थांबवू नये. एवढा एक नियम पाळला तर हे यंत्र उपकारक ठरेल. तो पाळला नाही तर ते ओलीत राहणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्याचे साधन होईल.

शाळेत काय करता येईल?

कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात कागद नरम पडतात, पापड सादळतात, चामड्याच्या चपलेवर बुरा येतो. तिथल्या शिक्षकांना या विषयासाठी दूर जायला नको. इयत्ता आठवीच्या पुढच्या मुलांकडून खोल्यांचा एक तक्ता करून घ्यावा: शिरताक्षणी येणारा वास, डाग, पोपडे, ओलसर जागा. सोबत ओल्या-सुक्या तापमापकाने आर्द्रता मोजावी. दर पंधरवड्याला नोंद केल्यास, वास आधी येतो की डाग आधी दिसतो, हे मुलांना स्वतःच कळेल. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलांना या पाहणीत घेऊ नये. बुरशी जवळून हुंगू नये आणि ती खरवडूही नये.

तक्ता झाल्यावर तो दप्तरी लावून ठेवण्यासाठी नाही. गळके कौल, तुंबलेला पन्हाळ, फुटका नळ यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा त्यातून सापडते. भिजलेले सामान २४ ते ४८ तासांत वाळवावे असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शाळांसाठी २००१ साली काढलेल्या पुस्तिकेत म्हटले आहे. आपल्याकडच्या आषाढात ते कठीण आहे, पण पाणी आत येण्याची वाट बंद करणे शक्य आहे. बुरशी कोणत्या जातीची आहे हे कळले नाही तरी गळती दुरुस्त करता येते. मुलांनी केलेला तक्ता मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने वाचावा, आणि दुरुस्तीची तारीख त्याच कागदावर लिहावी.